दोन बोटांची फट

नवतपा लागला की आमच्या गोंदियात माणसं कमी बोलतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस तोंड उघडलं तरी ऊन आत शिरेल अशी धास्ती असते. सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. राईस मिलकडून येणारा उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाचा ओलसर, जरासा आंबूस वास तेवढा गल्लीत मोकळा हिंडत असतो. वाटेत भेटलेला माणूस ‘कसे आहात’ असं विचारत नाही, ‘लाइट आहे का तुमच्याकडे’ असं विचारतो. सगळी ख्यालीखुशाली त्यातच आली.

आज नवतपाचा पहिला दिवस. सकाळी राजूभाई एसी धुवायला आले. राजूभाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या थंडाव्याचे डॉक्टर. फ्रिज, कूलर, एसी, जे काही थंड व्हायला नकार देईल ते त्यांच्या हवाली. त्यांनी स्टुलावर चढून जाळ्या काढल्या, अंगणात नेऊन पाइपाखाली धुतल्या, पुन्हा बसवल्या. उतरताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात मोहाच्या लाकडाचा एक तुकडा बसवलेला आहे, बरोबर दोन बोटं रुंद. तो असल्यामुळे खिडकी पूर्ण बंद होतच नाही.

“सर, ये निकाल दूँ? सारी ठंडक यहीं से भाग रही है.”

“राहू द्या,” मी म्हणालो.

“पर सर, आप तो साइन्स के टीचर हो!”

तीस वर्षं मी हायस्कुलात उष्णता शिकवली. उष्णता जास्त तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते, हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं आहे की माझ्या हाताला ते माझ्या सहीइतकं पाठ आहे. आणि माझ्याच घरात, भर नवतपात, एसी चालू असताना खिडकीला दोन बोटांची फट आहे. ती मी ठेवली आहे, स्वतः, समजून उमजून. समजून उमजून म्हणतो खरा, पण नेमकं काय समजलं ते विचाराल तर माझा गोंधळ होतो.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा असाच गोंधळाचा होता.

त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात बापू तलावाच्या पाळीवर चक्कर येऊन पडले होते. बापू म्हणजे माझे वडील. आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, तिथून तलावाचं पाणी दिसतं. आमच्या पूर्वजांनी तलाव खोदले, पाळी बांधल्या, पाट काढले, असं आमच्याकडे सांगतात, आणि बापूंकडे पाहिलं की ते खरं वाटतं. जन्मभर पाण्याच्या मागे हिंडलेला माणूस. झडीच्या पावसात पाळ फुटू नये म्हणून कंदील घेऊन राखण करणारा आणि उन्हाळ्यात कोरड्या तलावाला पाहायला उगीच जाणारा. त्यातच ऊन लागलं. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना पुढचा उन्हाळा थंड जागी काढू द्या, पुन्हा ऊन लागलं तर सावरणार नाहीत.

म्हणून दोन वर्षांपूर्वी होळी झाल्यावर मी त्यांना गोंदियाला आणलं. बापू आले, पण अट घालून आले.

“थंडी असंन त रायतो, मास्तर. नाई त गाडी आहेच.”

मी नोकरीला लागल्यापासून ते मला मास्तर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. अट मात्र स्वच्छ कळली. खोली थंड राहिली तर बापू माझ्याकडे, नाहीतर गावच्या उन्हात. त्या उन्हाळ्यात मला दुसरी कसलीही पर्वा नव्हती. माझा बाप जगला पाहिजे आणि त्यासाठी भिंतीवरचा तो पांढरा डबा चालला पाहिजे, एवढंच मी धरून बसलो होतो.

डबा अकरा वर्षांचा होता. आमच्या घरात एसी एकच, आतल्या खोलीत. त्याआधी आम्ही सगळे कूलरची माणसं. होळीनंतर कूलर माळ्यावरून काढायचा, जुनं गवत फेकून नवं भरायचं, पहिल्यांदा पंप सुरू केला की ओल्या गवताचा वास घरभर. तो वास आला की उन्हाळा घरात आला. एसीला कसलाच वास नसतो. बापूंनी पहिल्या दिवशी खोलीत नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, “हवा हाय, पन हवेवानी लागत नाई.”

त्या वर्षी घर भरलेलं होतं. आमची मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आली होती ती चार महिन्यांच्या मुलाला घेऊन अजून आमच्याकडेच होती. जेवणं आटोपली की बारा वाजता आम्ही सगळे आतल्या खोलीत शिरायचो. मी, माझी बायको सुनंदा, पल्लवी, बाळ आणि बापू. बापूंना खाट, बाकी सगळ्यांची सतरंजी खाली. दार लावायचं, जाड निळा पडदा ओढायचा, दाराच्या फटीला जुनं लुगडं लावायचं. मग त्या निळसर अंधारात बाळाच्या तेलाचा वास, कैरीच्या पन्ह्याचा वास, सुनंदाच्या बांगड्यांचा मधूनच होणारा आवाज. बाहेर जग करपत असायचं आणि आम्ही पाच जण एका खोलीत चादर ओढून झोपायचो. इतकी वर्षं मी शाळेत सुट्टीची वाट पाहिली, ती याच झोपेसाठी असावी असं मला वाटायचं.

सकाळी वेगळंच. बाळाची आंघोळ झाली की सुनंदा लहानशा शेगडीवर ओवा टाकून त्याला धुरी द्यायची. उन्हाळा असो की काही असो, तिची धुरी चुकायची नाही. शेगडी आत आली की बापू बाहेर जायचे. समोरच्या कडुलिंबाखाली उभे राहायचे, निखारे विझवून शेगडी अंगणात परत आली की मगच आत. त्यांना धूर सोसत नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं. म्हातारी माणसं काय काय सोसत नाहीत याची यादी घरातले लोक स्वतःच करतात, त्यांना कोणी विचारत नाही.

एप्रिल संपता संपता एसी बिघडला. बिघडला म्हणावं की नाही, इथूनच गोंधळ. सकाळी लावला तर हुडहुडी भरायची. बारा वाजता झकास. दीडच्या सुमारास मात्र खोली तापायला लागायची. झोपेतच अंगावरची चादर लाथेने दूर जायची, मग मानेखाली घाम, मग बाळाची कुरकुर. बाहेरच्या यंत्राचा घरघराटही तेव्हाच वाढायचा. चारला उठून पाहावं तर सगळे घामेजलेले आणि बापू खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेले.

“झोपले नाई का, बापू?”

“झोप नाई येत. तुयी मशीन दमली आसंन. मानूस दमते, मशीन कायले नाई दमनार?”

पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. गाडी आहेच.

राजूभाईंना बोलावलं. ते सकाळी आले, हात एसीपुढे धरला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. “बढ़िया तो चल रहा है, सर.” मी म्हटलं, दुपारी पाहा. ते म्हणाले, दुपारी सगळ्या शहराचे एसी बिघडतात, मी एकटा कुठे कुठे पाहू. तरी त्यांनी गॅस भरला. दुपारी दीडला खोली तापली. मग शेजारचे गुप्ताजी म्हणाले, व्होल्टेज. स्टॅबिलायझर बदलला. दीडला खोली तापली. बाहेरचं यंत्र त्याच खिडकीखाली उन्हात होतं, त्यावर मी बांबूची ताटी उभी केली आणि ओलं गोणपाट टाकलं. दीडला खोली तापली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं की सर, सेन्सर. नातेवाइकांत एक जण असा निघाला ज्याला वाटत होतं की घराची दिशाच चुकली आहे.

मी विज्ञानाचा माणूस. दुसऱ्यांच्या तोंडाकडे किती दिवस पाहणार? शाळेतून चार थर्मामीटर आणले आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत टांगले. झोपण्याआधी आणि उठल्यावर आकडे वाचून वहीत तक्ते केले. तीन कोपऱ्यांत तापमान थोडं चढलेलं असायचं, पण खिडकीकडच्या कोपऱ्यात भलतंच. मी दोन दिवस त्या भिंतीचा विचार केला. भिंत पश्चिमेची आहे का? नाही, उत्तरेची. मग ती का तापते? विटांतून उष्णतेचं वहन, असा एक परिच्छेदही मी वहीत लिहिला. पडदा बाजूला सारून पाहावं हे मला सुचलं नाही, असं नाही. पाहिलं, पण सकाळी. सकाळी खिडकी घट्ट बंद. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचो.

शेवटी राजूभाईंनी निकाल दिला. “आवाज बढ़ता है ना दोपहर में? कम्प्रेसर गया, सर. अब नया ले लो.”

पैशाचं सोडा, ते काय होतच राहतं. पण दुकानात जी भंबेरी उडाली तिला तोड नाही. एक टन की दीड टन, तीन तारे की पाच, तांब्याची नळी की दुसरी. विकणारी मुलगी हसतमुख होती, तिने विचारलं, “अंकल, रूम में हीट लोड कितना है?” मी म्हटलं, “बाई, पाच माणसं, त्यातलं एक चार महिन्यांचं, एक ऐंशीला आलेलं.” तिने टाइप केलं. टन म्हणजे इथे वजन नव्हे, बर्फावरून आलेलं मोजमाप आहे, हे मला सांगावंसं वाटत होतं, पण तिथे ते कोणालाच ऐकायचं नव्हतं. सुनंदाने डब्यावरचं फूल बघून एक पसंत केला. जुना बदल्यात दिला. तो खाली उतरवला तेव्हा भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला, आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते कळेना.

तो जुना डबा दुकानातून भंगारात गेला आणि भंगारातून राजूभाईंनी आपल्या घरी नेला. हे मला आज सकाळी समजलं. “आपका पुराना वाला मेरे घर में आज भी बर्फ जैसा चलता है, सर,” असं त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं. म्हणजे तो बिघडला होता की नव्हता? राजूभाईंनी दुरुस्त केला म्हणून चालतो की मुळातच चांगला होता? मी विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं कळून आता भिंत बदलणार नाही.

नवा एसी लागला त्या दिवशी सुनंदाने त्याला हळदकुंकू लावलं. बापूंनी नारळ फोडला. बारा वाजता आम्ही खोलीत शिरलो, दार लावलं, लुगडं लावलं. गारवा असा की बाळाला टोपरं घालावं लागलं. मी डोळे मिटले आणि कित्येक दिवसांनी निवांत झोपलो.

दीडच्या सुमारास घामाने जाग आली.

तेव्हा मला जे वाटलं ते रागही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. कुठलाच नियम लागू नसलेल्या जगात आपण राहतो आहोत, असं काहीसं वाटलं. दोन एसी, दोन्ही दीडला हरतात. तीस वर्षं मी मुलांना जे शिकवलं ते आमच्या आतल्या खोलीपुरतं खोटं होतं की काय?

तिसऱ्या दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. सव्वा वाजला असेल. खाट करकरली. पापण्यांच्या फटीतून मला बापूंचे पाय दिसले. ते आधी पल्लवीजवळ गेले, वाकले. मग बाळाच्या नाकाखाली त्यांनी आपल्या बोटाची मागची बाजू धरली. धरून उभे राहिले, बराच वेळ. मग सुनंदाजवळ, जरा अंतर ठेवून, नुसतं बघत. मग माझ्याकडे आले. त्यांच्या बोटाला तंबाखूचा नि चुन्याचा वास होता. मी घाबरून श्वास रोखला. बोट हललं नाही. मी रोखून धरला, बोट तिथेच. शेवटी मला राहवेना, मी श्वास सोडला, तेव्हा कुठे ते बोट गेलं.

मला वाटलं, आम्ही झोपलो की नाही याची खात्री करून घेताहेत. चोर घेतो तशी.

मग त्यांनी पडद्यामागे हात घातला आणि खिडकी सरकवली, अगदी हळू, आवाज न करता. बाहेरच्या यंत्राचा घरघराट एकदम आत आला. खिडकीखालच्या त्याच यंत्राची गरम वाफ आणि नवतपाची झळ, दोन्ही त्या फटीतून आत यायला लागली. आणि बापू, ज्यांना ऊन लागलं तर सावरणार नाहीत ते बापू, स्टूल ओढून त्या झळीच्या तोंडाशी बसले.

मी ताडकन उठलो. “बापू! हे काय करून रायले तुमी?”

बाळ दचकून रडायला लागलं. पल्लवी उठली, सुनंदा उठली. मी थांबलो नाही. मी महिनाभर धावलो, लोकांपुढे हसं करून घेतलं, चांगला डबा भंगारात दिला, कोणासाठी? आणि तुम्ही रोज हे करता? राहायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतं, मशीन कायले खराब केली? असं बरंच काही. मी वर्गातही कधी इतका ओरडलो नव्हतो.

बापूंनी खिडकी बंद केली. “भरलेल्याले निघाले जागा पाहिजे, मास्तर. सांडवा नाई ठेवला त पार फुटते.”

पार म्हणजे तलावाची पाळ. तलाव भरला की जादा पाणी निघून जायला सांडवा असतो, तो नसला तर पाणी पाळच फोडतं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

“बापू, ही खोली हाय. तलाव नाई.”

“हो,” ते म्हणाले. “खोली हाय.” आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा चहा घेऊन गेली आणि तशीच परत आली. “अहो, मामाजी नाहीत. पिशवी पण नाही.”

गाडी होतीच. ती त्यांनी पकडली होती.

मी नवेगाव बांधच्या बाजूची एसटी धरली. खिडकीतून तोंडावर गरम हवा येत होती आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर तेंदूपत्त्याचा भारा होता. डोक्यात एकच चाललं होतं: आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी महिनाभर भिंतीवरच्या डब्याशी भांडलो, आणि माणूस माझ्या शेजारच्या खाटेवर जागा होता. त्याला एकदाही विचारलं नाही, झोप का येत नाही. आणि आता तो उन्हात चालत असला तर? स्टँडपासून घर दीड कोस. मला माझीच लाज वाटत होती. भीती तिच्याहून जास्त होती.

बापू घरात होते. मातीच्या भिंती, कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, समोरासमोर दोन दारं, दोन्ही सताड उघडी. मी उंबऱ्यात पोचलो तेव्हा ते नुकतेच हातपाय धुऊन बसले होते. कोणाच्या तरी मोटारसायकलवर आले होते. मला पाहून त्यांनी माठातून पाणी दिलं आणि म्हणाले, “निज थोडा. चेहरा पाय तुयाच.”

मी जमिनीवर पडलो. कसलीही मशीन नव्हती, हवा गरमच होती, पण ती एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने जात होती. मी झोपलो, आणि उठलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बापू माझ्या उशाशी बसलेले होते. जागे.

“तुमी नाई निजले?”

“तू निजला होता ना.”

मग खूप वेळ ते तंबाखू मळत बसले. तोंडात टाकली नाही, नुसती मळली.

“तुले सखू मालूम नाई,” ते म्हणाले. “माही मोठी बहीन.”

मला माहीत नव्हती. आमच्या घरात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

“पुसाच्या थंडीत बाळंत झाली. मायनं खोलीत गोवऱ्यांची शेगडी ठेवली. लेकराले वारा लागू नोको म्हनून दाराले, खिडकीले चिंध्या कोंबल्या. मी बारा वर्साचा. दाराबाहीर निजलो. मले दार उघडावासा वाटे, लेकरू पायाले. माय म्हने, उघडू नोको, थंडी आत जाते.” ते थांबले. “सकारी उघडलं. दोघंबी निजलेले. जसे निजले तसेच.”

रंगहीन, गंधहीन, विषारी. कार्बन मोनॉक्साइडचे हे तीन गुणधर्म मी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतले. तीनही लिहिले तर पूर्ण मार्क. माझी आत्या त्यानेच गेली हे मला निवृत्तीला आल्यावर कळलं, मातीच्या जमिनीवर बसून.

मला म्हणायचं होतं की बापू, एसी म्हणजे शेगडी नाही. त्यात काही जळत नाही. पाच माणसांना तीन-चार तासांत काही होत नसतं, दाराखालून हवा येतच राहते. सगळं मुद्देसूद मांडता आलं असतं. पण त्यांनीच आधी बोलून टाकलं.

“तुयी मशीन शेगडी नाई, मले समजते. मी येडा नाई. पन दार लावलं, लुगडं लावलं, अन् तुमी सारे निजले का मले सखू दिसते. कोनीतरी जागा पाहिजे ना, मास्तर.”

तेव्हा मला ते बोट आठवलं. बाळाच्या नाकाखालचं, मग माझ्या नाकाखालचं. मी श्वास रोखून पडलो होतो तेव्हा त्या माणसाच्या जिवाचं काय झालं असेल? मला रडू आलं. साठीला टेकलेला माणूस बापासमोर हुंदके देऊन रडला, आणि बापाला काय करावं ते सुचेना, त्याने पुन्हा पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत निघालो. निघण्याआधी बापूंनी मागच्या मोहाची एक वाळकी फांदी आणली, कोयत्याने तासली, मधेमधे आपली दोन बोटं लावून पाहिली. “यापक्षा जास्ती नाई,” ते म्हणाले, “अन् यापक्षा कमीबी नाई.” गोंदियाला पोचल्यावर त्यांनी तो तुकडा खिडकीच्या रुळात ठोकून बसवला. मी बाहेरचं यंत्र दुसऱ्या भिंतीवर हलवून घेतलं, म्हणजे निदान त्याची वाफ तरी आत येऊ नये. राजूभाईंनी ते काम करताना तीनदा विचारलं, सर, नक्की? सुनंदाने तेव्हापासून बाळाची धुरी अंगणात द्यायला सुरुवात केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मी फक्त सखूची गोष्ट सांगितली होती.

फटीसकट खोलीचं तापमान एकोणतीसला थांबतं. थर्मामीटर अजून टांगलेलं आहे. चोवीसची मजा त्यात नाही. पण त्या उन्हाळ्यात उरलेल्या दिवसांत बापू झोपले. सगळ्या दुपारी नाही, पण झोपले, आणि आषाढ लागेपर्यंत गाडीचं नाव काढलं नाही.

हे शहाणपण की वेडेपणा, मला खरंच सांगता येत नाही. दोन बोटं फट ठेवून एसी चालवणं हे विज्ञानाच्या दृष्टीने हास्यास्पद आहे. फटीतून येणारी झळ बापूंच्याच छातीला वाईट, हेही खरं. पण बंद खोलीत डोळे टक्क उघडे ठेवून पडलेली छाती तरी किती चांगली राहिली असती? डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, एकोणतीस चालेल. म्हणजे माझं बरोबर होतं की बापूंचं? दोघांचंही अर्धं अर्धं धरलं तर बेरीज एक येते का, हे गणित मी अनेकदा मांडून पाहिलं आणि सोडून दिलं.

आता पल्लवी तिच्या घरी आहे. तिचा मुलगा पळतो, फोनवर आजोबांना पणजोबा कुठे आहेत विचारतो. पणजोबा आतल्या खोलीत आहेत. यंदा बापूंना आणावं लागलं नाही, हिवाळ्यापासूनच ते आमच्याकडे आहेत, कारण आता त्यांच्याने एकट्याने उठवत नाही. स्टुलावर तर बसवतच नाही. खाटेवर पडून असतात, बोलतात कमी, आणि डॉक्टर आता उन्हाळ्याचं वेगळं असं काही सांगत नाहीत.

राजूभाई गेल्यावर बारा वाजता मी दार लावलं. लुगडं लावलं नाही. पडदा ओढला. एसीने नुकत्याच धुतलेल्या जाळ्यांतून गार वारा सोडायला सुरुवात केली आणि फटीतून बारीकशी झळ माझ्या गुडघ्याला लागत राहिली. सुनंदा खाली सतरंजीवर झोपली. मी स्टुलावर.

दीडच्या सुमाराला खाटेवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

“मास्तर, खिडकी?”

“उघडी आहे, बापू.”

“जागा कोन हाय?”

“मी हावो.”

“मंग ठीक,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो, वाकलो आणि त्यांच्या नाकाखाली माझ्या बोटाची मागची बाजू धरली. काहीच लागेना. मी हललो नाही. एसी चालू होता, बाहेर झळा वाहत होत्या आणि माझं बोट तिथेच होतं. मग श्वास आला. हळू आला, कोमट आला, पण आला. मी परत येऊन स्टुलावर बसलो.